गप्पी मासा आणि वऱ्हाडचा हिंवताप

शहरांतील सुखवस्तु घराच्या दिवाणखान्यांत कांचेच्या पेटींत रंगीत शेपटीचे चिमुकले मासे इकडून तिकडे फिरत असतात. आलेला पाहुणा घटकाभर त्यांच्याकडे पाहतो. घरांतील मुलें त्यांना सकाळसंध्याकाळ चिमूटभर खाद्य घालतात. वऱ्हाडांतील एखाद्या आरोग्य केंद्राच्या मागील आवारांत सिमेंटचा ओबडधोबड हौद असतो. त्याच्या भिंतीवर 'गप्पी मासे पैदास केंद्र' अशीं अक्षरें रंगविलेलीं असतात, आणि आंतल्या हिरवट पाण्यांत तसलेच, पण रंगानें फिके, मासे वावरत असतात. दिवाणखान्यांतला मासा आणि हौदांतला मासा हे एकाच जातीचे होत. एक शोभेसाठीं पाळला जातो. दुसरा हिंवताप, डेंग्यू यांसारख्या रोगांचा प्रसार करणाऱ्या डांसांच्या अळ्या खाण्यासाठीं. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचा हा जीव सातपुड्याच्या पायथ्याशीं कसा आला, कोणत्या आशेनें आणला गेला, आणि ती आशा कितपत फळास आली, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे. त्यांत शास्त्रज्ञांची चिकाटी आहे, हौशी लोकांचें कौतुक आहे, एक मोठा गैरसमज आहे, आणि लहान जिवांच्या संगोपनाविषयीं एक धडाहि आहे.

हा इतिहास समजून घेण्यास अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यांतील हिवरखेड हें गांव सोयीचें आहे. गांवाच्या उत्तरेस सातपुड्याची रांग व मेळघाटाचें अरण्य; दक्षिणेस पूर्णा नदीचें काळ्या मातीचें सपाट खोरें. अकोल्याहून खांडव्यास जाणाऱ्या जुन्या मीटरगेज रेल्वेवर हिवरखेडचें स्टेशन होतें, व तेथून पुढें गाडी डोंगर चढूं लागे. हिवर नांवाच्या कांटेरी झाडावरून वऱ्हाडांत अनेक गांवांस नांवें पडलेलीं दिसतात. त्यांचा 'हिंव' या शब्दाशीं कांहीं संबंध नाहीं. परंतु ज्यांत अंगांत हिंव भरतें तो हिंवताप मात्र या टापूचा जुना सोबती आहे. डोंगराकडच्या बाजूस ओढेनाले, त्यांच्या कडेचीं संथ डबकीं आणि बागाइती विहिरी. सपाटीकडे प्रकार निराळा. पूर्णेच्या खोऱ्याचा मोठा भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. तेथें विहीर खणली तर पाणी लागतें, पण तें खारें. म्हणून गोडें पाणी मिळेल तेथून आणावयाचें आणि रांजणांत, हौदांत, टांक्यांत साठवून ठेवावयाचें, ही तेथील पिढीजात रीत होऊन बसली. पुढें नळ आले. पण जेथें नळास रोज पाणी येत नाहीं, तेथें साठवणीची संवय सुटली नाहीं. साठविलेलें पाणी माणसास जसें जीवन, तसेंच तें डांसाच्या मादीस बाळंतिणीची खोली.

डांस आणि हिंवताप यांचा संबंध ज्या वर्षीं सिद्ध झाला तें वर्ष १८९७. त्या वर्षींच्या ऑगस्टच्या २० तारखेस सिकंदराबाद येथें सर्जन-मेजर रोनाल्ड रॉस यांना डांसाच्या जठराच्या भिंतींत हिंवतापाच्या जंतूंच्या गांठी दिसल्या. पुढील वर्षीं इटलींत ग्रासी व त्यांचे सहकारी यांनीं माणसाचा हिंवताप ॲनॉफिलीस वर्गाच्या डांसांकडून पसरतो हें दाखवून दिलें. रॉस यांना १९०२ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु 'ॲनॉफिलीस' ही एक जात नसून तें एक मोठें कुळ आहे. त्यांपैकीं कोणती जात कोठें अंडीं घालते, कोणती माणसास अधिक चावते, हें गांवोगांव हिंडून शोधल्यावांचून रॉस यांच्या शोधाचा व्यवहारांत उपयोग नव्हता. हें काम भारतांत ज्या अगदीं थोड्या ठिकाणीं प्रथम झालें, त्यांपैकीं एक ठिकाण वऱ्हाडांतच आहे, ही गोष्ट पुष्कळ वऱ्हाडकरांसहि ठाऊक नसेल.

हिवरखेडच्या पूर्वेस, सातपुड्याच्या त्याच पायथ्यावर अचलपूर शहर आहे. इमादशाहीच्या काळीं वऱ्हाडची राजधानी असलेलें हें शहर इंग्रजी कागदांत 'एलिचपूर' या नांवानें येतें. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें होतें, तरी नांवाला निजामाचेंच होतें. या एलिचपुरांत इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील विल्यम ग्लेन लिस्टन नांवाच्या तरुण डॉक्टरानें वर्षभर डांसांचा मागोवा घेतला. विहिरी, टांकीं, ओढे, डबकीं यांतून अळ्या गोळा करावयाच्या, त्या वाढवावयाच्या, आणि निघालेल्या डांसांची जात ठरवावयाची, असा तो उद्योग. एलिचपुरांतील ॲनॉफिलीसच्या संवयींचा एक वर्षाचा अनुभव, अशा अर्थाच्या मथळ्याखालीं त्यांनीं १९०१ मध्यें 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्यें आपली हकीकत छापली. त्यांत त्यांनीं एका नव्या जातीचें वर्णन केलें व हिंवतापाचे अभ्यासक स्टीफन्स यांच्या नांवावरून तिला 'ॲनॉफिलीस स्टीफेन्सी' हें नांव दिलें. हेच लिस्टन पुढें मुंबईस प्लेगच्या संशोधनांत गेले, आणि उंदराच्या अंगावरील पिसवेमार्फत प्लेग पसरतो हें दाखविण्यांत त्यांचा मोठा वाटा होता.

या नव्या जातीचें वैशिष्ट्य असें कीं, तिला माणसानें बांधलेलें पाणी फार मानवतें. विहीर, हौद, टांकें, कारंजें, छपरावरची टांकी, हीं तिचीं आवडतीं स्थानें. भारतांतील शहरी हिंवतापाची मुख्य वाहक हीच ठरली. खेड्यांतील शेतें, पाट, ओढे यांवर वाढणारी 'क्युलिसिफेसीस' ही जात निराळी. खेड्यांतील हिंवतापाचा मोठा भार तिच्याकडे जातो. अचलपुराच्या पाण्यांतून प्रथम ओळखली गेलेली स्टीफेन्सी २०१२ मध्यें आफ्रिकेंतील जिबूती येथें आढळली व त्यानंतर इथिओपियादि देशांतहि शिरली. आफ्रिकेंतील शहरांना तिची धास्ती वाटूं लागली आहे. वऱ्हाडांत ओळख पटलेला शत्रु अशा रीतीनें जगाच्या चिंतेचा विषय झाला. शत्रु विहिरींत राहतो हें कळल्यावर त्याला विहिरींतच गांठणारा गडी कोण, हा प्रश्न ओघानेंच आला.

तो गडी मासा असावा, ही कल्पना कांहीं अद्भुत नव्हती. मासे डांसांच्या अळ्या खातात हें पूर्वींपासून लोकांच्या पाहण्यांत होतें. भारतांतील लहान माशांची शास्त्रीय ओळखहि तोंवर पुष्कळ झालेली होती. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनीं १८२२ मध्यें गंगा नदीच्या व तिच्या शाखांच्या माशांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. निळ्या पट्ट्यांचा जो 'झेब्रा' मासा पुढें जगभरच्या कांचपेट्यांत व प्रयोगशाळांत जाऊन बसला, त्याचें पहिलें वर्णन याच ग्रंथांत आहे. दक्षिणेंतील माशांविषयीं कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळानें १८४१ मध्यें छापला. साइक्स यांनीं पुष्कळ माशांना लॅटिन नांवें देतांना येथील लोकांच्या तोंडचींच नांवें घेतलीं. 'खुडरी', 'नुक्ता', 'कोळस' हे मराठी मुलखांतील शब्द त्यामुळें शास्त्राच्या कायम कोशांत गेले आहेत. डांसांचा प्रश्न पुढें आल्यावर कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममधील सीमोर सेवेल व बी. एल. चौधरी यांनीं १९१२ मध्यें डांसांचा नाश करण्यास उपयोगी ठरलेल्या भारतीय माशांवर एक पुस्तक लिहिलें. १९३८ मध्यें सुंदरलाल होरा व मुकर्जी यांनीं त्याच विषयावर पुन्हा एक सरकारी पत्रिका तयार केली. म्हणजे परदेशी माशाची जाहिरात होण्यापूर्वींच स्वदेशी माशांची यादी हातीं होती.

तिचा उपयोग करण्याचा प्रसंगहि मुंबईंत उभा राहिला. डॉ. चार्ल्स बेंटली यांनीं मुंबईंतील हिंवतापाची चौकशी करून १९११ मध्यें आपला अहवाल दिला. शहरांतील विहिरी व टांकीं हींच स्टीफेन्सीचीं मुख्य घरें आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. विहिरी बुजवाव्या किंवा घट्ट झांकाव्या, हा त्यावर सरळ उपाय. परंतु पारशी कुटुंबांस विहिरीचें पाणी धर्मकृत्यांस पवित्र, आणि हिंदु घरांतहि विहिरीच्या पूजेची चाल. विहीर म्हणजे भोंक नव्हे. ती घराच्या श्रद्धेचा भाग होती. अशा ठिकाणीं विहीर उघडी ठेवून तींत मासे सोडणें हा सर्वांस मानवेल असा मधला मार्ग वाटला, आणि डांसांच्या बंदोबस्ताच्या साधनांत माशांनीं आपली जागा मिळविली.

मग स्वदेशी मासे सोडून गप्पी कां आला? याचें उत्तर त्याच्या प्रजननांत आहे. आपल्याकडील बहुतेक लहान मासे अंडीं घालतात. झेब्रा मासा तर अंडीं विखरून टाकतो आणि सांपडलीं तर स्वतःच खाऊन टाकतो. अंडीं वेगळीं काढा, त्यांना बुरशी लागूं देऊं नका, केंसाएवढीं पिलें निघाल्यावर त्यांना सूक्ष्म खाद्य पुरवा, हें सारें नाजुक काम. शिवाय पुष्कळ जातींचा विणीचा हंगाम पावसाळ्याशीं बांधलेला. गप्पीची मादी अंडीं घालीतच नाहीं. अंडीं तिच्या पोटांतच फुटतात आणि ती पोहणारीं, स्वतः खाणारीं पिलें जन्मास घालते. पाणी उबदार असेल तर सुमारें दर महिन्यास. नराशीं एकदां संग झाला म्हणजे त्याचें वीर्य ती कित्येक महिने सांठवून ठेवूं शकते, आणि नर नसतांनाहि तिला लागोपाठ अनेक वेळां पिलें होतात. विहिरींत एकच गाभण मादी पडली, तरी तेथें वसाहत होऊं शकते. खेड्यापाड्यांतील कामगाराच्या हातीं देण्यास यापेक्षां सोपा मासा सांपडणें कठीण.

या माशाची मूळ भूमि व्हेनेझुएला, त्रिनिदाद व त्या बाजूचा किनारा. बर्लिनचे विल्हेल्म पेटर्स यांनीं १८५९ मध्यें व्हेनेझुएलांतून आलेल्या नमुन्यांवरून त्याचें पहिलें वर्णन केलें. पुढें दोनच वर्षांनीं इटालियन शास्त्रज्ञ डे फिलिप्पी यांनीं बार्बाडोसच्या माशांवरून त्याचेंच दुसऱ्या नांवानें वर्णन केलें. त्रिनिदादमध्यें रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी नांवाचे गृहस्थ राहत. भूगर्भशास्त्राचे अभ्यासक व शाळांचे मुख्य निरीक्षक. त्यांनीं पाठविलेले नमुने ब्रिटिश म्यूझियममध्यें पोंचले, आणि आल्बर्ट ग्यूंथर यांनीं १८६६ मध्यें त्या माशास गप्पींचें नांव दिलें. पहिलें नांव तें खरें, या शास्त्राच्या नियमाप्रमाणें गप्पींचें नांव लॅटिन नामावलींतून गेलें. लोकांच्या तोंडीं मात्र तेंच राहिलें. मराठी कानांस तें 'गप्पां'च्या नात्यांतलें वाटतें, आणि म्हणूनच कीं काय, परकें नांव असूनहि तें खेड्यांतील आजीबाईंच्या तोंडीं सहज बसलें.

या माशाची कीर्ति मात्र एका गैरसमजावर उभी राहिली. बार्बाडोस बेटांत हा मासा इतका विपुल कीं तेथील लोक त्याला 'मिलियन्स', म्हणजे दशलक्षावधि, असें म्हणत. त्या बेटावर हिंवताप नव्हता. शेजारच्या बेटांत होता. यावरून, या माशांनींच बार्बाडोसला हिंवतापापासून वांचविलें, असा तर्क विसाव्या शतकाच्या आरंभीं निघाला आणि तो इंग्रजी साम्राज्यभर पसरला. वस्तुतः बार्बाडोसांत हिंवताप वाहणारा ॲनॉफिलीस डांसच नव्हता. १९२७ मध्यें तो डांस तेथें पोंचला, आणि मासे होते तेथेंच असतांना हिंवतापाची साथ उसळली. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ पडली, एवढ्यावरून कावळ्यास बलवान म्हणण्यासारखें हें झालें होतें. परंतु तोंवर हा मासा अनेक उष्ण देशांत जाऊन पोंचला होता. भारतांतहि तो विसाव्या शतकाच्या आरंभींच्या दशकांत आला. त्याचा चुलतभाऊ गँबुसिया हा टेक्सासमधून १९०५ मध्यें हवाई बेटांत, पुढें इटलींत, आणि १९२८ मध्यें भारतांत आणला गेला.

त्याच सुमारास या माशाचा दुसरा प्रवास चालू होता, तो हौशी लोकांच्या घरांतून. १९०८ च्या सुमारास गप्पी जर्मनींत पोंचला आणि तेथील मत्स्यपालकांचा लाडका झाला. प्रत्येक नराचे ठिपके निराळे, ही त्याची मोहिनी. डेन्मार्कच्या योहान्नेस श्मिट यांनीं १९२० मध्यें दाखविलें कीं, नराच्या अंगावरील एक विशिष्ट ठिपका बापाकडून फक्त मुलांकडेच जातो, मुलींकडे जात नाहीं. आनुवंशाच्या शास्त्रांत हें उदाहरण पुढें प्रसिद्ध झालें. मुंबईस १९५१ मध्यें राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें तारापोरवाला मत्स्यालयाचें उद्घाटन झालें, आणि कांचेआडचा मासा पाहण्याची गोडी महाराष्ट्रांतील हजारों कुटुंबांस लागली. शोभेचे मासे पाळणाऱ्यांनीं अनुभवानें जें ज्ञान मिळविलें, तेंच आरोग्य खात्याच्या हौदाचें खरें शास्त्र होय. म्हणून तें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे.

गप्पीचा नर सुमारें तीन सेंटिमीटर लांब व रंगीत. मादी त्याच्या जवळजवळ दुप्पट व करडी. गाभण मादीच्या पोटाच्या मागील भागीं एक काळसर डाग दिसतो. तो मोठा व गडद झाला कीं दिवस भरत आले असें समजावें. एका वेतांत वीस-तीसपासून शंभरपर्यंत पिलें होऊं शकतात. मादी जितकी मोठी तितकीं पिलें अधिक. पिलूं जन्मतः सहा-सात मिलिमीटरचें. त्याचा पहिला शत्रु म्हणजे त्याची आई! भुकेली मादी व हौदांतील इतर मोठे मासे पिलें गिळून टाकतात. म्हणून हौदांत पाणवनस्पतींचे झुबके ठेवावे लागतात, म्हणजे पिलांस लपावयास जागा मिळते. किंवा गाभण माद्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यांत ठेवाव्या, म्हणजे पिलें जाळींतून निसटतात व माद्या आंत राहतात. पिलांना पहिले कांहीं दिवस उकडलेल्या अंड्याच्या बलकाची पूड किंवा हिरव्या पाण्यांतील सूक्ष्म जीव. नंतर भाताचा कोंडा व शेंगदाण्याच्या ढेपेचा बारीक चुरा. खाद्य जास्त झालें तर तें कुजतें, पाण्यांतील प्राणवायु संपतो आणि सकाळीं मासे तोंड वर करून तडफडतांना दिसतात. सुमारें तीन महिन्यांत पिलें वाढून स्वतः विण्याजोगीं होतात.

वऱ्हाडच्या हवेंत या नियमांना आणखी कांहीं जोड द्यावी लागते. अकोल्याकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. उथळ हौदाचें पाणी तेव्हां जणूं चुलीवर ठेवल्यासारखें तापतें. म्हणून हौद खोल हवा, त्यावर सावली हवी, आणि बगळा व बेडूक यांपासून रक्षणासाठीं जाळी हवी. थोडें खारें पाणी गप्पीस सोसतें, ही खारपाणपट्ट्याच्या दृष्टीनें सोयीची गोष्ट. परंतु क्लोरीन त्याला मुळींच सोसत नाहीं. पिण्याच्या विहिरींत ग्रामपंचायत निर्जंतुकतेसाठीं ब्लीचिंग पावडर टाकते, आणि त्याच विहिरींत दुसऱ्या दिवशीं कोणी गप्पी सोडले तर तो सर्व श्रम पाण्यांत! म्हणून गप्पीची योग्य जागा म्हणजे न वापरली जाणारी विहीर, गुरांचा हौद, देवळाचें टांकें, बांधकामाचें सांठलेलें पाणी. आरोग्य खात्याच्या सूचनांप्रमाणें पाण्याच्या पृष्ठभागाच्या दर मीटर लांबीस पांच ते दहा मासे सोडावयाचे असतात, आणि एक गप्पी चोवीस तासांत ऐंशीं ते शंभर अळ्या खाऊं शकतो असें त्यांत म्हटलें आहे. पाण्यावर शेवाळ व कचरा दाटला असेल तर मात्र अळ्या त्याखालीं दडतात आणि मासा उपाशीं नसला तर त्यांच्या मागें लागतहि नाहीं.

स्वातंत्र्यानंतर कांहीं काळ माशाची गरजच उरली नाहीं, असें वाटलें होतें. १९५३ मध्यें राष्ट्रीय हिंवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला; घरोघर भिंतींवर डी. डी. टी. फवारली जाऊं लागली. १९५८ मध्यें नियंत्रणाच्या जागीं निर्मूलनाची प्रतिज्ञा आली. वर्षाला साडेसात कोटि रुग्ण व आठ लाख मृत्यु असा ज्या रोगाचा अंदाज होता, त्याचे रुग्ण १९६५ पर्यंत सुमारें एक लाखावर आले व मृत्यूची नोंद शून्य झाली. मानवी पराक्रमाचा हा मोठा क्षण होता. परंतु डांस औषधास सरावले, देखरेख सैल झाली, शहरांतील विहिरी व टांकीं तशींच राहिलीं. १९७६ मध्यें रुग्णांची संख्या चौसष्ट लाखांवर गेली. १९७१ पासूनच शहरांसाठीं वेगळी योजना आंखण्यांत आली होती, आणि तिचा भर फवारणीपेक्षां अळ्यांवर होता. १९८३ मध्यें गुजराथेंतील खेडा जिल्ह्यांत, नडियाद तालुक्यांत, मलेरिया संशोधन केंद्रानें डॉ. विनोद प्रकाश शर्मा यांच्या नेतृत्वाखालीं कीटकनाशकांवर विसंबून न राहतां हिंवताप आंवरण्याचा प्रयोग सुरू केला. डबकीं बुजविणें, टांक्या झांकणें आणि मासे सोडणें हीं त्याचीं साधनें होतीं. विस्मृतींत गेलेला मासा अशा रीतीनें परत आला. महाराष्ट्रांतील आरोग्य केंद्रांच्या आवारांतील गप्पी मासे पैदास केंद्रें हीं याच विचाराचीं अपत्यें होत.

तथापि येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. बंद विहिरींत जो मासा उपकारक, तोच वाहत्या नदींत अपकारक ठरूं शकतो. गँबुसियाचें नांव जगांतील शंभर अतिउपद्रवी परकी जीवांच्या यादींत गेलेलें आहे; तो स्थानिक माशांचीं अंडीं व पिलें खातो, त्यांचे पर कुरतडतो. गप्पी तुलनेनें सौम्य खरा. पण तोहि चिवट, भरभर वाढणारा व परका आहे. सातपुड्यांतून उतरणारी वान नदी किंवा तिला पोटांत घेणारी पूर्णा यांत स्वदेशी लहान माशांच्या अनेक जाती आहेत, आणि त्या अळ्या खाण्याचें काम पूर्वींपासून करीतच आहेत. तेथें उत्साहाच्या भरांत गप्पीचे डबे ओतणें म्हणजे घरच्या राखणदारास हांकलून भाडोत्री आणण्यासारखें होय. १९१२ व १९३८ च्या त्या याद्या अजून जुन्या झालेल्या नाहींत. नदीनाल्यांसाठीं त्याच पुन्हा उघडून पाहिल्या पाहिजेत.

डेंग्यूच्या बाबतींत तर माशाची मर्यादा आणखी स्पष्ट आहे. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डांस घरांतील रांजण, कूलर, फुलदाणी, टाकून दिलेलें टायर अशा वाटीभर पाण्यांत वाढतो. तेथें मासा कोठें कोठें सोडणार? अंड्यापासून डांस होण्यास उष्ण हवेंत सुमारें आठदहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यांतून एकदां भांडीं रिकामीं करून, घांसून, वाळवून 'कोरडा दिवस' पाळणें हाच तेथें खरा उपाय. जेथें पाणी बदलतां येत नाहीं तेथें मासा. जेथें बदलतां येतें तेथें हात. एवढा विवेक घरोघर रुजला तर औषधाची फवारणी पुष्कळ वांचेल.

या सर्व इतिहासाचें तात्पर्य माशापेक्षां माणसाविषयींच अधिक आहे. बार्बाडोसच्या लोकांनीं मासा आहे म्हणून निर्धास्त राहण्याची चूक केली. पुढें देशोदेशीं डी. डी. टी. आहे म्हणून तीच चूक झाली. उद्घाटनाच्या दिवशीं हार घातलेला हौद दोन उन्हाळ्यांनंतर कोरडा पडलेला दिसावा, हेंहि त्याच चुकीचें लहानसें रूप होय. लिस्टन यांनीं अचलपुरांत वर्षभर विहिरी धुंडाळल्या, तेव्हां कुठें शत्रूचें घर सांपडलें; त्या शत्रूशीं लढण्यासहि तितकीच रोजची, न थकणारी नजर लागते. हिवरखेडसारख्या गांवांत एखादा आरोग्य सेवक किंवा शाळेंतला मास्तर रोज सकाळीं हौदापाशीं जाऊन पिलांना चिमूटभर कोंडा घालतो, पाण्याचा रंग पाहतो, पावसाळ्यापूर्वीं गाभण माद्या वेगळ्या काढतो. त्याच्या त्या पांच मिनिटांवर साऱ्या योजनेचें यश अवलंबून आहे. मासा विहिरींत सोडणें ही घटकेची गोष्ट. त्याचीं पिलें जगविणें ही वर्षानुवर्षांची. ज्या घरांत कांचेच्या पेटींत हौसेनें गप्पी पाळले जातात, तेथील मुलांना हें सहज कळेल. कारण रोजच्या चिमूटभर खाद्याचें मोल त्यांना आधींच ठाऊक झालेलें असतें.